मंत्री बोलेपर्यंत

मिक्सरवर मावशीच्या माइकची दांडी मी रोज थोडी वर सरकवत होतो. उपोषण सुरू झालं तेव्हा ती अगदी खाली होती, कारण मावशीचा आवाज मुळातच शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचणारा. मग दांडी मध्यावर आली. मग मध्याच्याही वर. साउंडच्या धंद्यात हे पहिल्यांदा शिकवतात की बोलणारा हळू झाला तर दांडी वर घ्यायची, पण फार वर घेतली की माइक शिट्टी मारतो. अकोल्याच्या त्या मंडपात मशीनमागे बसून मला दिवसभर तेवढीच धास्ती असायची. दांडीला वर जायला आता फारशी जागा उरली नव्हती.

मावशी म्हणजे माझ्या मालकाची आई. मालकाला मी दादा म्हणतो. त्याचं अमरावतीला राजापेठेत साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. खाली दुकान, वर एक खोली, त्या खोलीत मी राहतो. मी इकडचा नाही. माझं घर तळकोकणात, समुद्राच्या बाजूला. आठवीतून शाळा सोडली, नारळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो आणि अमरावतीला पोचेपर्यंत टायफॉइडनं आडवा झालो. ड्रायव्हरनं सरकारी दवाखान्यात दाखल केलं, थोडी वाट पाहिली आणि गाडी घेऊन गेला. त्याला मी दोष देत नाही. गाडी त्याची नव्हती.

शेजारच्या खाटेवर मावशीचा नवरा होता. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. मावशी त्याच्या उशाशी बसलेली असायची आणि डबा उघडला की त्यातलं अर्धं माझ्या ताटलीत यायचं. मला ज्वारीची भाकर पचेना. तापात मी पेज मागितली. तिला पेज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे आणि मीठ घालून प्यायचे, एवढं मी कसंबसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आली, खिचडीसारखी घट्ट, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "याले तुमी जेवण म्हंता?"

त्याच वॉर्डातली अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डॉक्टर मावशीला येता-जाता सांगत होते की काळजी करू नका, फरक पडेल. पण मी शेजारच्याच खाटेवर डोळे मिटून पडलेला असायचो, आणि खाटेच्या पायाशी उभं राहून ते आपसात काय बोलतात ते मला ऐकू यायचं. एका सकाळी मावशीनं मलाच विचारलं, तू दिवसभर इथं पडून आयकते, सांग, हे वाचतील काय? मी घाबरलो. मी जन्माचाच घाबरट. पण तिच्या हातचं खाल्लेलं होतं, त्यामुळे तोंडातून खरं तेच निघालं. तिनं तेवढ्यात मुलांना बोलावून घेतलं. दादा पोचला, बापाशी दोन शब्द बोलला, आणि मग ते गेले. मयत गावाकडे नेताना, स्वतःचं कपाळ पांढरं झालेलं असताना, ही बाई दादाला म्हणाली की या पोट्ट्याले दुकानात ठेवून घे, याचं इथं कोनी नाही. मी आज जो काही आहे तो त्या एका वाक्यामुळे आहे.

गाव त्यांचं अकोल्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यात. त्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. वर जमीन काळीभोर, आणि खाली पाणी खारट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशीनं चहा ठेवला आणि दूध घातल्याबरोबर तो फाटला. ती म्हणाली, आमच्याकडचा चहा असाच, पाहुण्याले पाहून लाजते. डाळ शिजत नाही. भांड्यांवर पांढरे डाग बसतात ते निघत नाहीत. आणि घराघरात कुणाच्या तरी किडनीचं काहीतरी चालू असतं. नळयोजना आली, पाइप आले, पाणी मात्र आलं तर आलं.

या गावात पुष्कळ वर्षांपूर्वी संसदेची एक समिती पाणी बघायला आली होती. समितीत एक तरुण खासदार होते, दुसऱ्या राज्यातले, हिंदी बोलणारे. मावशीच्या दारात ते थांबले आणि तिनं रीतीप्रमाणे माठातलं पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला. तो त्यांना गिळवेना. नालीपाशी जाऊन थुंकले, मग वरमले आणि मावशीला हात जोडून गेले. गावाला वाटलं, झालं, विषय संपला. पण त्या माणसानं दिल्लीला जाऊन हीच गोष्ट सभागृहात सांगितली. एका आईनं मला पाणी दिलं, मला ते पिता आलं नाही आणि ती रोज तेच पिते, असं ते बोलले. त्या भाषणाचा व्हिडिओ अजून फोनवर फिरतो. गावातल्या लहान पोरांनाही माहीत आहे की त्यातली आई म्हणजे आपल्या मावशी.

तेच खासदार पुढे मंत्री झाले, मग मोठे मंत्री झाले, आणि आता पाण्याचं खातंच त्यांच्याकडे आलं. बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. आमच्या गावच्या पाणी समितीतले सर, म्हणजे कॉलेजात शिकवणारे आणि गावाच्या पाण्यासाठी बरीच वर्षं पायपीट करणारे, ते मला फोनवर दाखवायचे. संसदेत कोण किती वेळा आणि कशावर बोललं हे आता कुणालाही उघडून बघता येतं. मोठी धरणं, परदेशातल्या नद्या, विरोधकांची जुनी पापं, सगळ्यावर ते बोललेले. त्यांचे विनोद कापून लोक स्टेटसला ठेवतात. सर म्हणायचे, स्क्रीन सरकवून बोट दुखेल, पण त्या पहिल्या भाषणानंतर आपलं पाणी पुन्हा कुठंच सापडत नाही.

विहाराच्या अंगणात गावाची सभा झाली. साउंड आमचंच. साखळी उपोषण करायचं ठरत होतं, आज यांनी बसायचं, उद्या त्यांनी. शेवटी मावशीनं माइक मागितला. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "थो मंतरी संसदेत आपल्या पाण्यावर बोलेपर्यंत मी उपाशी राहतो, अन्नाले तोंड लावत नाही." आणि माइक माझ्या हातात देऊन खाली बसली. इकडे बायाही मी जातो, मी करतो असंच बोलतात. सुरुवातीला मला गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र तिचं ते बोलणं ऐकून गंमत वाटली नाही.

चूक काय झाली ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं पाणी मागितलंच नव्हतं, मंत्र्याचं बोलणं मागितलं होतं. नंतर सरांनी तिला विचारलं की मावशी, पाणी येईपर्यंत असं का नाही म्हणालात? तिचं उत्तर तयार होतं. थो एकदा बोलला तं पाइप आले, पुन्हा बोलला तं पाणी येईन. तिच्या हिशेबात यात चूक कुठंच नव्हती.

अकोल्याला कलेक्टर कचेरीसमोर मंडप पडला. गावाहून हिरव्या ड्रममध्ये खारं पाणी आणून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला चाखायला. रोज सकाळी मी ते जुनं भाषण लावायचो, पोलिसांनी घालून दिलेल्या आवाजात. मावशीला हिंदी जेमतेम समजतं, पण भाषणाबरोबर तिचे ओठ हलायचे. त्या आईचा उल्लेख जवळ आला की ती पदर नीट करायची, जणू कुणी फोटो काढणार आहे. पहिले काही दिवस ती येणाऱ्यांची थट्टा करत होती. एक पुढारी हार घेऊन आला तर त्याला म्हणाली, हार कायले आनला, अजून मेलो नाही ना. मग थट्टा कमी झाली. मग ती लोडाला टेकून राहायला लागली. डॉक्टर मॅडम रोज तपासायला यायच्या. हाताच्या पाठीवरची चामडी चिमटीत धरून सोडायच्या, आणि ती चामडी तशीच उभी राहायची. त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या किडन्याही नवऱ्यासारख्याच त्या पाण्यावर वाढलेल्या आहेत, या जास्त ताण सोसायच्या नाहीत. मी मशीनमागे वायर गुंडाळत होतो. पुन्हा एकदा मला नको ते ऐकू आलं.

अशात सर धावत आले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासदारानं आमच्या पट्ट्यातल्या पाण्याचा प्रश्न लावला होता आणि तो तारांकित प्रश्नांत आला होता. तारांकित म्हणजे काय ते सरांनी मंडपाला समजावून सांगितलं. मंत्र्याला उभं राहून, तोंडानं उत्तर द्यावं लागतं, सगळ्या देशासमोर. मंडपात जीव आला. मावशीनं बायांकडून वेणी घालून घेतली, पांढरं लुगडं बदलून दुसरं पांढरंच नेसली. मी ड्रमशेजारी टीव्ही मांडला, फोनवरून चित्र टीव्हीला आणि आवाज मिक्सरला जोडला. एक फोन बंद पडला तर म्हणून दुसरा तयार ठेवला. मंत्री बोलले आणि माझ्या वायरनं दगा दिला, तर काय तोंड दाखवणार?

प्रश्नांचा तास सुरू झाला. आमच्या आधीचे प्रश्न संपता संपेनात. चित्र मध्येच थांबायचं, गोल चकरी फिरायची आणि सगळा मंडप माझ्याकडे वळून बघायचा. मावशी बघत नव्हती. ती टीव्हीकडे तोंड करून ताठ बसली होती. मग अध्यक्षांनी आमच्या प्रश्नाचा नंबर पुकारला. मंत्री उठले. आता केस पांढरे, चेहरा भरलेला, पण मान हलवायची ढब तीच जुनी. त्यांनी एक वाक्य म्हटलं, की उत्तराचं विवरण सभापटलावर ठेवलेलं आहे. आणि बसले.

त्या खासदारानं पुढचं विचारायला सुरुवात केली, तोवर पलीकडच्या बाकांवरून भलत्याच विषयावर ओरडा सुरू झाला. कागद वर उचलले गेले. कुणाचंच काही कळेना. अध्यक्ष उभे राहिले, बसा बसा म्हणाले, आणि सभागृह तहकूब झालं. चहाचा एक कप थंड व्हायला वेळ लागतो तेवढ्यात सगळं आटोपलं होतं.

मंडपात मागे कुणीतरी टाळी वाजवली. आजूबाजूला पाहून ती थांबली.

मावशीनं विचारलं, काय म्हनला थो? सर जवळ बसले आणि सांगायला लागले की उत्तर लेखी दिलं आहे, संसदेची तशी रीत आहे, त्यात सगळं सविस्तर असतं. मावशीनं त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, बोलला काय ते सांगा. सरांनी चष्मा पुसला.

तोपर्यंत कलेक्टर कचेरीतले मोठे साहेब आले. तरुण होते, माणूस वाईट नव्हता. सोबतच्या शिपायाच्या हातात झाकलेला ग्लास, त्यात चांदूर बाजारच्या संत्र्यांचा रस. उपोषण सुटायचं ते साहेबाच्या हातून, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि पत्रकारही फोन काढून तयार होते. साहेबांनी मावशीपुढे मांडी घातली आणि नीट समजावलं. सभापटलावर ठेवलेलं उत्तर हे दिलेलंच उत्तर मानतात. ते मंत्र्यांच्या नावानं छापून येईल, कायम राहील. म्हणजे संसदेच्या हिशेबानं मंत्री बोलले. तुमचा शब्द पुरा झाला, आता हे घ्या.

मावशी ग्लासाकडे बघत होती. तिचे ओठ फुटलेले होते. संत्र्याचा वास पार माझ्यापर्यंत येत होता. ती म्हणाली, "मंग हा रसही तिथं टेबलावर ठेवा, साहेब. म्या पेला असं माना."

मंडप हसला. दारातली पोलीसबाई तोंडाला रुमाल लावून हसली. साहेबही हसले. पण मावशीनं तोंड मिटलं, लोडावर मान टाकली आणि पलीकडे वळली, तेव्हा त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. ग्लास खरंच टेबलावर ठेवावा लागला.

डॉक्टर मॅडमनी नाडी पाहिली आणि उठल्या. फाटकाबाहेर ॲम्ब्युलन्स लावून घेतली. दादाला म्हणाल्या की ऊन उतरायच्या आत यांनी स्वतःहून काही घेतलं नाही तर मी उचलून नेणार, आणि अशा अंगाला ओढाताण सोसेल की नाही ते मी सांगू शकत नाही.

दादानं मला मोठ्या स्पीकरच्या मागे बोलावलं. सर तिथंच होते. दादाचे डोळे लाल झालेले. एरवी हा माणूस माझ्याशी दुकान, भाडं, वायर याशिवाय बोलत नाही. तो म्हणाला, "तिचा फक्त तुह्या कानावर भरोसा हाय. इचारलं तं हो म्हन. मी तुले आजवर काही मांगतलं नाही."

खरंच नव्हतं मागितलं. सर म्हणाले की हे खोटंसुद्धा नाही, नियमानं ते बोललेच आहेत, तू फक्त हो म्हण. मी मान हलवली. खरं-खोटं असलं मोठं काही माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात तो वॉर्ड होता. माझ्यासमोर याच घरातलं एक माणूस गेलं होतं. दुसरं जाऊ नये, तिनं कसंही करून खावं, आणि दादाचं माझ्याकडे बघणं उद्याही आजच्यासारखंच राहावं. मी हो म्हणायचं ठरवलं. स्पीकरमागून निघालो तेव्हा हो तोंडात तयार होता.

मी मशीनकडे आलो तर मावशी काहीतरी बोलत होती आणि ऐकू कुणालाच येत नव्हतं. मी दांडी वर ढकलली. ती टोकाला जाऊन थांबली. माइकनं शिट्टी मारली, बायांनी कानावर हात ठेवले. मी दांडी खाली ओढली. आता एकच उपाय उरला होता, माइकच तिच्याजवळ न्यायचा. स्टँडवरून माइक काढला आणि तिच्या ओठांपाशी धरून बसलो. तिच्या श्वासाला आंबूस वास येत होता. तिनं डोळे उघडले.

"कोकण्या," ती म्हणाली, आणि ते सगळ्या मंडपात गेलं, "तुले मशीनवर आयकू येते. बोलला काय थो?"

तिनं तसंच विचारलं होतं तेव्हाही, वॉर्डात. तोच आवाज, तीच नजर, फक्त तेव्हा मी पडलेलो आणि ती वर वाकलेली होती, आता उलटं झालं होतं. समोर दादा उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग बघवेना.

"नाही, मावशी. कागद ठेवला त्यांनी. बोलले नाहीत."

माइक चालूच होता. माझा आवाज कर्ण्यातून बाहेर पडला, रस्त्यापर्यंत गेला आणि मलाच परत ऐकू आला. दादा स्पीकरच्या खोक्यावर बसला. सरांनी कपाळाला हात लावला. साहेब शिपायाकडे वळले आणि ॲम्ब्युलन्सकडे बोट केलं. मला वाटलं, हिला मी मारलं. जिनं मला भरवलं तिला मी माझ्या तोंडानं मारलं.

मावशीनं माझं मनगट धरून माइक अजून जवळ ओढला.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी भैरी हावो काय?"

मग ती थांबत थांबत बोलली. सकाळपासून मी साऱ्यायले इचारून राहिलो, म्हणाली. साहेब म्हंते बोलला. सर म्हंते बोलल्यासारखंच हाय. माहा सख्खा पोरगा खाली मान घालून उभा. उद्या अजून बसलो तं हा पोट्टाही खोटं बोलन. एवढं बोलून तिनं श्वास घेतला. "आपलं पानी खराब हाय तेवढं पुरे झालं. माह्यापायी तुमी आपली तोंडं काहून खराब करता?"

ती म्हणाली की सभेत बोललो ते मी बोललो, थो काही माह्या शब्दाले बांधला नव्हता. मीच आपलं पोट दुसऱ्याच्या तोंडाले बांधून बसलो. आता सोडतो. पत्रकारांकडे बोट करून म्हणाली, लिहा, मंतरी बोलला नाही. असंच लिहा, दुसरं लिहू नोका. म्हातारी थकून उठली म्हना, पन थो बोलला म्हनू नोका.

गावातली एक बाई रडायला लागली. दुसरी तिच्यावर खेकसली, रडते काहून, काही खायाचं पाह्य आधी. साहेब घाईनं ग्लास घेऊन पुढे आले. मावशीनं हात जोडले आणि सांगितलं की राग मानू नोका, हा रस त्या पोलीसबाईले द्या, सकाळपासून उभी हाय ती. आणि मला म्हणाली, तुह्या कोकणातली ती पेज कर. डॉक्टर मॅडमनी विचारलं, पेज म्हणजे काय. मी म्हणालो, भाताचं पातळ पाणी. त्या म्हणाल्या, पातळच कर, आणि चमच्यानंच द्या.

फाटकाजवळच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर मी तांदूळ चढवले. एका बाईनं समोरच्या घरून मूठभर आणले होते. घाईत निम्मे सांडले. पाणी घ्यायला वळलो तर मंडपातून मावशीचा आवाज आला, माइकशिवाय, फाटका पण पोचणारा: ड्रममधलं घे, मीठ टाकाले लागत नाही. मॅडम ओरडल्या, अजिबात नाही, त्या पाण्याला हात लावायचा नाही. पुन्हा सगळे हसले, आणि या वेळचं हसू मध्येच थांबलं नाही. मी चहावाल्याकडचं नळाचं पाणी घेतलं आणि मीठ वेगळं घातलं.

पेज होईपर्यंत दादा येऊन शेजारी उभा राहिला. मी वर पाहिलं नाही. वाटलं, आता म्हणेल, खोली खाली कर. त्यानं माझ्या हातातला चमचा घेतला आणि पातेल्यात ढवळत राहिला. मग म्हणाला, बाप गेला तवाही तूच सांगतलं होतं. एवढंच. ते रागानं म्हटलं की कसं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

पहिला चमचा मावशीनं माझ्या हातून घेतला. घोट गिळायला तिला फार वेळ लागला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. गिळून झाल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अजूनही याले तुमी जेवण म्हंता?"

तिथून तिला दवाखान्यातच नेलं आणि काही दिवस ठेवून घेतलं. नंतर सरांनी संसदेच्या त्या दिवसाच्या कामकाजातलं उत्तर काढून आणलं. वर मंत्र्यांचं नाव, खाली बराच मजकूर. पाणी हा राज्याचा विषय आहे, केंद्र मदत करतं, प्रस्ताव विचाराधीन आहे, असं काहीसं. माझं शिक्षण कमी, मला वाटलं मलाच समजलं नाही. मी सरांना विचारलं तर ते म्हणाले, तुला बरोबर समजलं. मावशीनं ते वाचून घेतलंही नाही.

गाव अजून तेच पाणी पितं, नळ आला तर नळाचं. साखळी उपोषण आता खरोखरच साखळीनं चालतं. त्याची मागणी सरांनी वकिलाला दाखवून नीट लिहून घेतली आहे, त्यात कुणी काय बोलावं याचा उल्लेख नाही. मंत्री बोलतच असतात. अधिवेशन सुरू असलं की मी राजापेठेच्या दुकानात वायरींना सोल्डरचा डाग देताना एका कानात इअरफोन लावून बसतो. बाहेर क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा कलकलाट, आणि कानात ते. न जाणो, एखाद्या दिवशी निघेल विषय. दादाला हे माहीत आहे.

त्या जुन्या भाषणाचं काय करायचं असं मी मावशीला विचारलं होतं. मशीनमधून काढून टाकू का? ती म्हणाली, राहू दे, त्यात मी हावो ना.

मागच्या महिन्यात पातूरला पाण्याचीच एक सभा होती. मावशीला बोलायला उठवलं. मी सवयीनं तिची दांडी वर नेऊन ठेवली होती. तिनं तोंड उघडलं आणि माइकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतली माणसं दचकली. ती स्टेजवरून माझ्याकडे वळली, काय झोपून राहिला काय रे कोकण्या, म्हणाली. मी दांडी पार खाली घेतली.